साकुरा लहानच राहिली

मुलांच्या मासिकाला फार मोठे आयुष्य नसते. महिनाभर ते घरात ह्या हातातून त्या हातात फिरते, मग त्याची पाने सुटू लागतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीच्या गठ्ठ्यात जाऊन पडते. त्यातील एखादी गोष्ट मात्र मनात राहते. आता समजा, दहाव्या वर्षी जिच्यावर जीव जडला होता ती गोष्ट तिच्याच लेखिकांनी, त्याच मासिकात, सोळा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पुढे सुरू केली. तेव्हाच्या मुली आता तिशीच्या स्त्रिया झालेल्या आहेत. ती गोष्ट आता कुणाची समजावी? त्या स्त्रियांची, की आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलींची? हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१६ साली जपानमध्ये तो खरोखरच उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात सात वर्षे गेली. त्या प्रश्नाचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात. आपल्याकडे चित्रकथा म्हटली की मुलांचे पातळसे पुस्तक डोळ्यांपुढे येते. जपानमध्ये ती वाङ्मयाची एक मोठी शाखा आहे. स्वस्त, खरखरीत कागदावर छापलेल्या जाडजूड नियतकालिकांतून अनेक कथा क्रमशः येतात, आणि लोकांना आवडलेल्या कथा मागाहून छोट्या आकाराच्या खंडांत निघतात. ह्या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे की वाचकाच्या वयाप्रमाणे नियतकालिके निरनिराळी असतात. लहान मुलींचे वेगळे, थोड्या मोठ्या मुलींचे वेगळे, तरुणांचे वेगळे, गृहिणींचे वेगळे. मुलगी वाढली की तिने खालच्या इयत्तेतून वरच्या इयत्तेत जावे तसे एक मासिक सोडून दुसरे धरावे, अशी ही सारी मांडणी आहे. मुलींसाठी लिहिलेल्या मांगाला शोजो मांगा असे नाव आहे.

कोदान्शा ह्या प्रकाशनसंस्थेने १९५४ च्या अखेरीस ‘नाकायोशी’ नावाचे मासिक काढले. ह्या शब्दाचा अर्थ जिवलग मैत्री असा होतो. पुढच्याच वर्षी शूएशा ह्या संस्थेने ‘रिबोन’ काढले, आणि ह्या दोन मासिकांची स्पर्धा आजतागायत चालू आहे. दोन्ही मासिके मुख्यतः प्राथमिक शाळेतील मुलींची. अंकाबरोबर कागदी खेळणे, वही, चिकटचित्रे अशी काहीतरी भेट देण्याची त्यांची प्रथा आहे. ओसामु तेझुका ह्या विख्यात चित्रकाराची राजपुत्राच्या वेषात वावरणाऱ्या राजकन्येची कथा १९५३ साली दुसऱ्या एका मासिकातून सुरू झाली होती. तिचा उत्तरभाग व नंतर तिचे नवे रूप ‘नाकायोशी’मध्ये आले. ताकाराझुका येथील नाट्यसंस्थेत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. तेझुकाचे बालपण त्या गावी गेले होते आणि त्या रंगभूमीचा ठसा ह्या कथेवर स्पष्ट दिसतो. मुलीने तलवार धरावी आणि तरीही तिचे मुलगीपण लोपू नये, ही कल्पना येथून शोजो मांगामध्ये रुजली.

जादूगार मुलीची कथा त्यानंतर आली. फुजिओ आकात्सुका ह्यांची आक्को नावाची मुलगी १९६२ साली ‘रिबोन’मध्ये अवतरली. तिच्यापाशी एक आरसा असतो आणि त्याच्या बळावर ती हवे ते रूप घेऊ शकते. १९६६ मध्ये मित्सुतेरु योकोयामा ह्यांनी सॅली नावाची जादूनगरीची राजकन्या आणली. चेटकीण गृहिणीची एक अमेरिकन विनोदी मालिका त्या वर्षी जपानी दूरचित्रवाणीवर गाजत होती, तिच्यावरून सॅली सुचली. त्याच वर्षी तोएई ह्या चित्रसंस्थेने सॅलीची चलच्चित्र मालिका दाखवण्यास आरंभ केला, आणि जादूगार मुलगी हा एक स्वतंत्र कथाप्रकारच होऊन बसला.

ह्या कथाप्रकाराचा शेवट बहुधा ठरलेला असे. सॅलीला अखेर माणसांचा निरोप घेऊन आपल्या देशी परत जावे लागते. इतर कथांतही जादूची वस्तू शेवटी परत करावी लागे. त्यातील मथितार्थ वाचणाऱ्या मुलींना न सांगता कळत होता. जादू ही बालपणाची गोष्ट आहे आणि बालपण संपले की ती खाली ठेवायची असते. प्रकाशकांचे गणितही ह्याला धरूनच होते. आजची वाचक दोन-तीन वर्षांनी जाईल आणि तिची जागा धाकटी बहीण घेईल. कथा संपावी, मुलगी मोठी व्हावी, मासिक मात्र चालू राहावे, असा तो क्रम होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आरंभीच्या ह्या साऱ्या कथा पुरुषांनी लिहिल्या होत्या. १९७० नंतर ते चित्र पालटले. मुलींची मासिके वाचून वाढलेल्या तरुण स्त्रियाच आता लेखणी व कुंचला हाती घेऊ लागल्या. नाओको ताकेउची ह्या औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर. त्यांची ‘सेलर मून’ ही कथा १९९१ च्या अखेरीस ‘नाकायोशी’मधून सुरू झाली आणि १९९७ पर्यंत चालली. पाच शाळकरी मुली एकत्र येऊन जगाचे रक्षण करतात, ही तिची मध्यवर्ती कल्पना. तिने ह्या कथाप्रकाराला सैन्याची शिस्त आणि मैत्रीची ऊब एकदमच दिली. १९९४ च्या सुमारास मुलींच्या मासिकांचा खप शिगेला पोहोचला होता. ‘रिबोन’चा खप तर पंचवीस लाखांच्या पुढे गेला होता.

अशा भरभराटीच्या काळात, १९९६ मध्ये, ‘कार्डकॅप्टर साकुरा’ सुरू झाली. तिच्या कर्त्या चौघी, नानासे ओकावा, मोकोना, त्सुबाकी नेकोई आणि सात्सुकी इगाराशी. ‘क्लॅम्प’ ह्या एकाच नावाने त्या लिहितात व चित्रे काढतात. ह्या चौघींचा आरंभ हौशी वाचकांच्या मंडळात झाला. जपानमध्ये आवडत्या कथांवरून स्वतः चित्रकथा रचून त्या स्वखर्चाने छापणारी अशी मंडळे पुष्कळ आहेत. १९८० नंतरच्या दशकात ह्या मंडळात डझनभर सभासद होते. त्यांतून गळत गळत चौघी उरल्या, आणि १९८९ मध्ये त्यांचे पहिले व्यावसायिक लेखन प्रसिद्ध झाले. म्हणजे वय वाढले तरी आवडती कथा हातावेगळी न करणाऱ्या वाचकांतूनच ह्या लेखिका निर्माण झाल्या होत्या. पुढे जे घडले त्याचे बीज येथे आहे.

साकुरा किनोमोतो ही दहा वर्षांची, चौथीत शिकणारी मुलगी. वडिलांच्या ग्रंथसंग्रहातील एक जुने पुस्तक ती उघडते आणि त्यातील जादूची पाने वाऱ्याबरोबर गावभर उधळली जातात. क्लो रीड नावाच्या जादूगाराने घडवलेली ही पाने. केरो नावाच्या रक्षकाच्या साहाय्याने ती पुन्हा गोळा करण्याचे काम तिच्या गळ्यात पडते. तिच्या मैत्रिणीला, तोमोयोला, प्रत्येक प्रसंगासाठी नवा पोशाख शिवण्याची आणि साकुराचे पराक्रम कॅमेऱ्यात टिपण्याची हौस. हाँगकाँगहून आलेला ली शाओलान आधी प्रतिस्पर्धी असतो, मग मित्र होतो आणि पुढे त्याहून अधिक. ह्या कथेत दुष्ट राक्षस जवळजवळ नाहीच. कुणाचा तरी पराभव करण्यापेक्षा कुणाला तरी समजून घेण्यावर तिचा भर आहे. म्हणून मासिकातील पन्नास प्रकरणे व बारा खंड संपून २००० साली तिने निरोप घेतला, तेव्हा शेवटच्या प्रकरणात कसला विजयोत्सव नव्हता. माध्यमिक शाळेचा नवा गणवेश घातलेली साकुरा असते, आणि परतून आलेला शाओलान तिला भेटतो, एवढेच. दुसऱ्या वर्षी ह्या ग्रंथाला विज्ञानकथा-रसिकांचे ‘सेइउन’ पारितोषिक मिळाले.

जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने १९९८ ते २००० ह्या काळात ह्या कथेचे सत्तर भाग दाखवले. अमेरिकेत मात्र तिची वेगळीच गत झाली. २००० साली तेथील एका वाहिनीवर ती दाखवली गेली तेव्हा सत्तरांपैकी फक्त एकोणचाळीस भाग आले, आणि तेही आठव्या भागापासून. कारण शाओलानचा प्रवेश आठव्या भागात होतो, आणि मुलगे ही मालिका पाहतील तर तिच्यात मुलगा आरंभापासून असला पाहिजे, असा हिशोब होता. हळुवार प्रेमाचे कित्येक प्रसंग गाळले गेले. त्या काळी ती तुटक कथा पाहिलेल्या अनेक मुलींनी मूळ मांगा अनुवादातून वाचली ती मोठेपणीच. त्यांच्यापुरते बोलायचे तर मोठेपणीचे हे वाचन म्हणजे बालपणाची पुनरावृत्ती नव्हती, तर बालपणी हातात अपुरे पडलेले पान पुरे करून घेणे होते.

२००० नंतर जपानमध्ये मोठा बदल होत होता. साकुराची पहिली वाचक १९८६ च्या सुमारास जन्मलेली धरली, तर त्या वर्षी जपानमध्ये १३ लाख ८० हजारांहून अधिक मुले जन्मली होती. २०१६ साली हा आकडा, मोजणी सुरू झाल्यापासून प्रथमच, दहा लाखांच्या खाली गेला. धाकटी बहीण मोठीची जागा घेईल, हे जुने गणित आता जमेना, कारण धाकट्या बहिणीच कमी झाल्या होत्या. मुलींच्या मासिकांचा खप लाखांवरून हजारांवर आला. ह्याउलट जुन्या वाचिका नोकरीला लागल्या होत्या, हाती स्वतःचा पैसा होता आणि जुन्या कथेची ओढ कायम होती. ‘नाकायोशी’च्या साठाव्या वर्षानिमित्त २०१५ मध्ये साकुराची नऊ खंडांची नवी आवृत्ती निघाली. तिच्यापाठोपाठ, कथेच्या विसाव्या वर्षी, २०१६ च्या जूनमध्ये ‘क्लिअर कार्ड’ हा उत्तरभाग सुरू झाला.

येथे लेखिकांपुढे तीन मार्ग होते, आणि ते तिन्ही त्या सुमारास चोखाळले गेले. पहिला मार्ग जुनी कथाच नव्याने सांगण्याचा. ‘सेलर मून’ची २०१४ ची मालिका मूळ मांगाच्या अधिक जवळ जाऊन हेच करते. दुसरा मार्ग नायिकेला वाचकाबरोबर मोठे करण्याचा. २००४ पासून चालत आलेल्या ‘प्रीक्युअर’ मालिकेचा प्रौढांसाठीचा एक भाग २०२३ मध्ये आला, त्यात पूर्वीची जादूगार मुलगी नोझोमी ही शाळेत शिक्षिका झालेली आहे आणि पगार, थकवा, जबाबदारी ह्यांच्याशी झगडत आहे. १९९९ ते २००३ पर्यंत चाललेल्या ‘डोरेमी’ मालिकेवरील २०२० च्या चित्रपटाने तर याहून वेगळी वाट धरली. त्यात जादूगार मुली नायिका नाहीतच. लहानपणी ती मालिका पाहिलेल्या तीन अनोळखी स्त्रिया कामाकुरा येथे, मालिकेतील जादूच्या दुकानासारख्या दिसणाऱ्या एका जुन्या घरापुढे भेटतात, आणि त्यांच्या मैत्रीची ती कथा आहे. वाचकालाच तेथे कथेत घेतले आहे.

क्लॅम्पने तिसरा मार्ग पत्करला. त्यांनी साकुराला मोठे केले नाही. जुन्या कथेची शेवटची सकाळ हीच नव्या कथेची पहिली सकाळ. चेरीच्या फुलांखाली साकुरा माध्यमिक शाळेत पहिले पाऊल टाकते, शाओलान भेटतो, आणि त्याच रात्री तिच्या जवळची सारी पाने पारदर्शक होऊन जातात. वाचकाची सोळा वर्षे गेली आहेत, तिचा एक दिवससुद्धा गेलेला नाही. फरक एवढाच की तिच्या हातात आता नव्या बनावटीचा मोबाईल आहे. आणि ही कथा प्रौढ स्त्रियांच्या एखाद्या नियतकालिकात गेली नाही. ती ‘नाकायोशी’तच आली, जेथे आजही दहा वर्षांची मुलगी अंकाबरोबरच्या भेटवस्तूसाठी हट्ट धरते.

त्यामुळे एकाच पानापाशी दोन वाचिका येऊन बसल्या. एकीला साकुरा वयाने थोडी मोठी आणि अनुकरणीय वाटते, दुसरीला ती धाकट्या बहिणीसारखी किंवा लेकीसारखी वाटते. १९८६ मध्ये जन्मलेली वाचक उत्तरभाग सुरू झाला तेव्हा तीस वर्षांची होती आणि २०२३ च्या अखेरीस तो सोळा खंडांनी संपला तेव्हा सदतीस वर्षांची. तिच्या आयुष्यातील ही सात वर्षे म्हणजे साकुराच्या शाळेतील काही महिने होत.

मोठेपणीच्या वाचनात दृष्टी बदलते, हे उघड आहे. लहानपणी नजर जादूच्या दंडावर आणि पोशाखांवर खिळलेली असते. मोठ्या वाचकाला दिसतात ते साकुराचे वडील. पत्नी वारल्यावर दोन मुलांना वाढवणारा हा अध्यापक पहाटे उठून जेवणाचे डबे भरतो, आणि घरातील कामांच्या पाळ्या फळ्यावर लिहून तिघेही ती कामे वाटून घेतात. साकुरा तीन वर्षांची असताना गेलेल्या आईचे छायाचित्र रोज बदलून ठेवण्याची त्या घराची रीत दहाव्या वर्षी केवळ गोड वाटते, पण चाळिशीकडे झुकलेल्या वाचकाला त्या छायाचित्रामागचे मौन ऐकू येते.

परंतु हीच नजर काही अप्रिय गोष्टीही पाहते. मूळ मांगामध्ये साकुराचे वर्गशिक्षक आपल्या दहा वर्षांच्या विद्यार्थिनीला अंगठी देतात, आणि हा प्रसंग प्रेमाची एक निरागस छटा म्हणून रंगवला आहे. लहान वाचकाचे मन त्यावरून सहज पुढे सरकते. शाळेशी ज्याचा काही संबंध आहे अशा कोणाही प्रौढाला तो पुढे सरकू देत नाही. शिक्षकाच्या हाती मूल विश्वासाने सोपवलेले असते, आणि त्या विश्वासाला प्रीतीचा रंग देणे हे कथेतही क्षम्य नाही. दूरचित्रवाणीवरील मालिकेत हा धागा पुष्कळ पातळ केला गेला. उत्तरभागात ती मुलगी दुसऱ्या शाळेत गेलेली आहे आणि क्वचितच दिसते. आवडती कथा पुन्हा उघडणाऱ्याने ही गोष्ट झाकून ठेवू नये. बालपणीच्या प्रेमाला डोळे नव्हते म्हणून ते खोटे ठरत नाही. मात्र ते प्रेम टिकवायचे तर आता डोळे उघडे ठेवूनच टिकवले पाहिजे, विशेषतः तेच पुस्तक आपण एखाद्या मुलीच्या हाती देणार असू तर.

‘क्लिअर कार्ड’मध्ये एक नवी मैत्रीण येते, आकिहो. तिचा जन्म जादूगारांच्या घराण्यात झाला, पण तिच्या अंगी जादू नाही, म्हणून त्या घराण्याने तिला माणूस न मानता साधन मानले. काइतो नावाचा तिचा पालक तिला वाचवण्यासाठी काळाची जादू वापरतो. तो क्षण थांबवतो, घडलेले मागे फिरवतो. परंतु प्रत्येक वेळी त्याची किंमत त्याच्या देहाला मोजावी लागते. इकडे साकुराच्या भोवतीचे सारे जण, शाओलानसुद्धा, तिला दुःख होऊ नये म्हणून तिच्यापासून सत्य लपवत असतात. कथा संथ चालते, कित्येकदा फारच संथ, आणि उलगडा करताना गुंताही बराच होतो. तरीही तिचा रोख चुकत नाही. काळ मागे फिरवणे हे प्रेमापोटी होऊ शकते, पण त्याने ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे भले होतेच असे नाही, आणि लहान म्हणून एखाद्याला अंधारात ठेवणे हाही त्याच्यावरील अन्यायच होय.

हा आशय मुलींसाठी जेवढा आहे तेवढाच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांच्याशेजारी बसलेल्या प्रौढ वाचकांसाठी आहे. जुनी कथा पुन्हा हाती घेणाऱ्या माणसाला मनातून तेच हवे असते जे काइतोला हवे आहे. घड्याळाचे काटे मागे फिरावेत, आणि पहिल्यांदा वाचताना झालेला आनंद जसाच्या तसा परत मिळावा. तसा तो मिळत नाही, आणि लेखिकांनी तो देण्याचा आवही आणला नाही. साकुराला लहान ठेवून त्यांनी वाचकाला मात्र आपले वय ओळखण्यास भाग पाडले. नायिका मोठी झाली असती तर वाचकाला तिच्यात स्वतःला पाहण्याची सोय झाली असती. ती लहानच राहिली, म्हणून वाचकाला तिच्या वडिलांच्या, तिच्या भावाच्या जागी उभे राहावे लागते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर ह्यातूनच मिळते. मुलांसाठी लिहिलेली कथा ही प्रथम मुलांचीच असते, आणि प्रौढांनी ती वाचू नये असा त्याचा अर्थ होत नाही. खप घटलेल्या मासिकाला जुन्या वाचिकांच्या पैशाचा आधार हवाच असतो. पण त्या आधाराच्या मोबदल्यात कथेने मुलींकडे पाठ फिरवून केवळ मोठ्यांच्या आठवणी जोपासायच्या ठरवल्या, तर एका पिढीने दुसऱ्या पिढीचे पुस्तक हिरावून घेतले असे होईल. ‘क्लिअर कार्ड’चे दोष कुणी कितीही मोजले तरी एवढे तिच्या पदरात टाकले पाहिजे की तिने ते होऊ दिले नाही. १९५४ साली सुरू झालेल्या त्या मासिकाने मुली मोठ्या झाल्या की निघून जातील असेच धरले होते. त्या गेल्याही, आणि वीस वर्षांनी परतही आल्या. परतल्यावर मात्र त्यांना एक गोष्ट करावी लागली, जी पूर्वी कधी करावी लागली नव्हती. बाकावर थोडे सरकून दहा वर्षांच्या मुलीला त्यांनी आपल्या शेजारी जागा करून दिली.